ताबा, पाल्य आणि वॉर्ड

प्रश्न असा आहे: ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत चार वर्षांच्या मुलीचा ताबा बालकल्याण समितीने घेतला’ अशी बातमी वाचली. लहान मुलाच्या बाबतीत ‘ताबा’ चालेल का? आणि कायद्यातला ‘पाल्य’ म्हणजे अपत्यच ना?

ताबा फ्लॅटचा घेतात. चोरीच्या मोटारसायकलचा पोलीस घेतात. पण स्टेशनवर एकटं सापडलेलं लेकरूही ‘ताब्यात घेतलं’ असं सर्रास छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोरानेच काहीतरी केलं असणार. 2015च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत समितीपुढे न्यावं लागतं. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. या मधल्या काळात मुलावर कुणाची मालकी ठरत नसते, त्याला सुखरूप ठेवायचं असतं. त्यासाठी ‘सांभाळ’ हा घरचा, नेमका शब्द आहे. ‘तात्पुरता सांभाळ समितीकडे दिला’ असं लिहा.

काही कोश ‘ताबा म्हणजे कब्जा’ एवढं लिहून मोकळे होतात. हे मला मुळीच मान्य नाही. दोन्ही शब्द अरबी, पण कब्जा मुठीत धरण्यातून आला आणि ताबा ‘ताबिअ’मधून, म्हणजे मागून चालणारा, अनुयायी. ताबेदार तो त्यातलाच. कब्ज्यात धरणाऱ्याची मूठ दिसते, ताब्यात मागे चालणारा माणूस. तरी मुलाला दोन्ही नकोत. शब्द अरबी आहे म्हणून हाकला, असं म्हणणाऱ्या शुद्धीवाल्यांच्या मात्र मी बाजूचा नाही. खटकतो तो त्यातला हुकूम.

खरी मौज 1890च्या कायद्याच्या इंग्रजी नावात आहे: ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट’, म्हणजे पालक आणि पाल्य यांचा कायदा. यातले गार्डियन आणि वॉर्ड हे मुळात एकच शब्द आहेत! जुन्या जर्मानिक बोलींत ‘वार्ड-’ म्हणजे लक्ष ठेवणं. तो फ्रेंचमध्ये गेला तेव्हा ‘व’चा ‘ग’ झाला आणि ‘गार्ड’ मिळाला; इंग्रजीत ‘वॉर्ड’ आधीपासून होताच. मिक्सर घेताना दुकानदार ‘वॉरंटी की गॅरंटी’ म्हणतो ना, ती जोडीही अशीच फुटलेली. म्हणजे राखणारा आणि ज्याला राखायचं तो, दोघे एकाच धातूची लेकरं.

आणि मराठीने हेच केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. पाळणं म्हणजे वाढवणं, पाळत म्हणजे नजर ठेवणं. ‘पाळत’ आज गुप्तहेरांच्या वाट्याला गेली आहे, म्हणून दोन्ही वेगळे मानायचे का? गोपाळ गाई वाढवतो आणि त्यांच्यावर नजरही ठेवतो. राखणं आणि वाढवणं हे आपल्याकडे एकच काम होतं.

त्याच कायद्याचं बारावं कलम बघा. पालक कोण हे ठरायच्या आधीच न्यायालय मुलाला हजर करायला सांगू शकतं आणि त्याच्या तात्पुरत्या संरक्षणाचा आदेश देऊ शकतं. पण अल्पवयीन मुलीला, केवळ ‘मी तिचा नवरा’ म्हणून पालकत्व मागणाऱ्याकडे या कलमाखाली ठेवता येत नाही. आईबापांच्या संमतीने ती आधीच त्याच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. बालविवाह सर्रास होत होते त्या काळात हे लिहिलं गेलं! इथे नुसता ताबा हवा असता तर नवऱ्याला अडवलंच नसतं.

राहिला पाल्य. पाल् धातूला ‘य’ लागला: ज्याचं पालन करायचं तो. अपत्य जन्माने ठरतं, पाल्य जबाबदारीने. काका पुतण्याला सांभाळत असेल तर शाळेच्या सूचनेतला ‘आपला पाल्य’ त्यालाही लागू आहे.