विरजण की चुलवाण? विषाणूचं जनुक पेशीला कॅन्सरमध्ये कसं धरून ठेवतं

खानापूरच्या एका बीएस्सीच्या मुलीने विचारलंय: "सर, गाइडमध्ये एवढंच आहे की विषाणू पेशीच्या डीएनएत शिरतो आणि पेशी कर्करोगी बनते. पेशी एकदा बिघडली की विषाणूचं काम संपलं का? नंतर त्याचं जनुक बंद केलं तर पेशी सुधारेल का? आणि आमच्या कालवडीच्या मानेवर चामखिळी आल्यात, त्याही विषाणूच्याच म्हणे. तिला कॅन्सर होईल का?"

कालवडीचं शेवटी सांगतो, तोवर घोर लावून घेऊ नकोस. आधी गाइडचं ते वाक्य. त्यातल्या 'आणि' या दोन अक्षरांत कित्येक वर्षांचं संशोधन गडप झालंय. बेळगावात मी तीस-पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, हे वाक्य उत्तरपत्रिकेत शेकड्यांनी वाचलं, आणि मार्कही दिले. तू पहिली, जिने त्या 'आणि'वर बोट ठेवलं.

घरातलं उदाहरण घे. दुधाला चमचाभर विरजण लावलं की त्याचं काम झालं. सकाळी त्या दह्यातून विरजण काढून घेतो म्हटलं तरी दूध परत मिळत नाही. गुऱ्हाळात तसं नसतं. काहिलीतला रस उकळत राहायचा तर चुलवाणात चिपाड टाकणारा माणूस तिथून हलता कामा नये. तो जेवायला गेला की उकळी बसते. तुझा प्रश्न असा आहे: विषाणूचं जनुक विरजण आहे की चुलवाणाचा जाळ?

हे शोधायला कोंबडी कामाला आली. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी एका कोंबडीच्या गाठीचा अर्क काढला, पेशी आणि जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली, म्हणजे गाळणीतून पार झालेला विषाणूच ती आणत होता. या शोधाचं नोबेल त्यांना १९६६ साली मिळालं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. माणूस चिवट, दुसरं काय.

पुढे लोक हेच बशीत करू लागले. कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशी बशीत वाढवल्या की त्या तळाला चिकटून एक थर करतात आणि शेजारणीला टेकल्या की थांबतात. राउसचा विषाणू घातला की त्या गोल होतात, तळ सोडू बघतात आणि दिवाळीत गणपत गल्लीत माणसं चढावीत तशा एकमेकींवर चढतात. टेमिन आणि रुबिन यांनी १९५८ साली हे ढीग मोजून विषाणूचं प्रमाण काढायची रीत बसवली. बशीतल्या पेशीचं 'रूपांतर' म्हणतात ते हेच. बशीतल्या पेशीला कॅन्सर झाला असं म्हणायचं नाही, परीक्षक बाहेरचा असेल तर मार्क कापतो. पण वागणूक तीच.

आता १९७०. बर्कलेत स्टीव्हन मार्टिन यांना या विषाणूचा एक बदललेला वाण मिळाला. ३६ अंशांना तो पेशींचं रूपांतर करी. ४१ अंशांना विषाणू मजेत वाढे, पण पेशी शहाण्यासारख्या सपाट राहत. उष्णतेने एकच प्रथिन लुळं पडत होतं. खरी गंमत पुढे आहे. ३६ अंशांवर बिघडलेली बशी ४१ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये सरकवली, तर पेशी पुन्हा सरळ झाल्या. परत ३६ वर आणल्या, परत बिघडल्या. विषाणू पेशीत तोच आणि त्याचं जनुकही तिथेच, फरक फक्त ते प्रथिन त्या घडीला काम करतंय की नाही एवढाच. म्हणजे चुलवाण! विरजण असतं तर तापमान वाढवून काही हललं नसतं.

आणि कोंबडीच का, तर कोंबडीच्या अंगाचंच तापमान ४१ च्या आसपास असतं, तिच्या पेशींना ४१ चा त्रास नाही. तरुणपणी मी एका प्रयोगशाळेत होतो, तिथे एका रात्री इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट अडकला आणि आमच्या माणसाच्या पेशींची सकाळी वाट लागलेली. कोंबडीच्या असत्या तर वाचल्या असत्या, असं तेव्हाही मनात आलं होतं.

त्या जनुकाचं नाव सार्क. त्याचं प्रथिन इतर प्रथिनांतल्या टायरोसीन या घटकावर फॉस्फेट चिकटवतं, आणि एवढ्यावरून पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम अखंड जात राहतो. १९७६ साली कळलं की हे जनुक मुळात विषाणूचं नव्हेच, कोंबडीच्या पेशीतूनच त्याने कधीतरी उचललंय. बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं ते यासाठी. कोंबडीच्या पेशीतल्या मूळ सार्कला शेपटाकडे एक ब्रेक असतो, ५२७ व्या जागेवरचं टायरोसीन. विषाणूच्या प्रतीत तो तुकडाच गायब आहे. बशीभर पेशींखाली मग एकट्या सार्कचा जाळ चालू.

सगळे विषाणू मात्र इतके सरळ नाहीत. पॉलिओमा नावाच्या उंदराच्या विषाणूत फ्रीड यांनी १९६५ सालीच उष्णतेला हळवा वाण काढला होता, आणि तिथे उत्तर उलटं आलं: एकदा रूपांतर झालं की तापमान वाढवूनही पेशी सुधारेनात. लोक म्हणाले, बघा, विरजण. पुढे कळलं की या विषाणूची प्रथिनं वेगवेगळी कामं करतात. फ्रीड यांच्या वाणात लुळं पडायचं ते लार्ज टी, आणि त्याची गरज सुरुवातीला. रूपांतर टिकवून धरतं मिडल टी, ते उष्णतेतही धडधाकट होतं. आणि मिडल टी काय करतं? पेशीच्या स्वतःच्या सार्कला जाऊन चिकटतं आणि त्याला चेतवतं. फिरून पुन्हा सार्कच. दुसऱ्या एका विषाणूत, माकडांच्या एसव्ही-४० मध्ये, लार्ज टीच टिकवण्याचं काम करतं. त्यामुळे 'विषाणूला पुढे गरज असते का' असं सरसकट विचारू नकोस, कोणत्या जनुकाची गरज ते विचार.

माणसाकडे येऊ. हेला पेशी तुला अभ्यासाला असतील. हेनरिएटा लॅक्स या अमेरिकन बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या त्या पेशी आजही वाढताहेत. त्यांच्या गुणसूत्रांत पॅपिलोमा या, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या १८ नंबरच्या प्रकाराचे तुकडे आहेत. त्या विषाणूचं ई-सहा हे प्रथिन पेशीचा पी-५३ हा पहारेकरी नष्ट करवतं, ई-सात हे आरबी नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्याला बांधून ठेवतं. या दोघांना आवरणारं विषाणूचं ई-दोन हे जनुक तुकडा गुणसूत्रात बसताना मोडलं. म्हणून संशोधकांनी ई-दोन बाहेरून परत घातलं. ई-सहा, ई-सात गप्प झाले, आणि जवळजवळ पन्नास वर्षं न थांबता विभागणाऱ्या त्या पेशी थांबल्या, चक्क म्हाताऱ्या झाल्या. पी-५३ ची जनुकं त्यांच्यात इतकी वर्षं शाबूतच होती, फक्त प्रथिन टिकू दिलं जात नव्हतं. हा २००० सालचा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून चहाला गेलो होतो. दुसरं काही सुचेना.

मग जनुक बंद केलं की कॅन्सर बरा, असं लगेच लिहू नकोस. गुऱ्हाळाचंच बघ ना: उकळी नुकती आली असताना जाळ काढला तर काहिलीत रसच राहतो, पण पाक झाल्यावर काढलास तर काकवी तरी होणार, नाहीतर गूळ. १९९६ साली एसव्ही-४० चं लार्ज टी हवं तेव्हा बंद करता येईल असे उंदीर तयार केले. चार महिन्यांच्या वयात बंद केलं तर लाळग्रंथीतली वाढ ओसरली. सात महिन्यांच्या उंदरात बंद केलं तरी वाढ तशीच राहिली. मधल्या काळात पेशींचं स्वतःचं काहीतरी कायमचं बदललं होतं.

गर्भाशयमुखाच्या लसीबद्दलही गावात विचारतात, म्हणून जाता जाता. ती लस विषाणूच्या वरच्या कवचाविरुद्ध असते. बिघडलेल्या पेशीत काम करतात ते ई-सहा आणि ई-सात, कवच नव्हे. त्यामुळे लागण व्हायच्या आधी घेतली तर ती उपयोगी, झालेल्या गाठीवर नाही. आणि निपाणीकडे तोंडाचा कॅन्सर दिसला की विषाणू शोधत बसू नये, तिथे आधी तंबाखूची पुडी बघावी.

आता कालवड. तिच्या चामखिळी गुरांच्याच पॅपिलोमा विषाणूच्या असणार, माणसाला त्या लागत नाहीत. या विषाणूचं डीएनए पेशीच्या गुणसूत्रात न शिरता वेगळं गोल कडं होऊन राहतं. १९८२ साली या विषाणूने बिघडवलेल्या उंदराच्या पेशींना इंटरफेरॉन हे विषाणूंशी लढणारं प्रथिन दिलं, तेव्हा काही पेशींतून ती कडी निघून गेली आणि पेशी सरळ झाल्या. जाळ काढला, उकळी बसली. कालवडीच्या अंगात हे काम तिची प्रतिकारशक्ती करते. बहुतेक वेळा काही महिन्यांत चामखिळी आपोआप वाळून गळतात. स्कॉटलंडच्या डोंगरात गुरांना अन्ननलिकेचे कॅन्सर होतात, पण तिथे विषाणू वेगळ्या प्रकारचा आणि चरायला ब्रॅकन नावाचं विषारी नेचं असतं. गंमत म्हणजे त्या गाठींत विषाणूचं डीएनए सापडत नाही, तिथे तो बिचारा खरोखर विरजण ठरलाय.

तेव्हा चामखिळी कापू नका, दोऱ्याने बांधू नका, आणि तिला बांधायची दावण काही दिवस दुसऱ्या वासरांना वापरू नका. सडांवर आल्या किंवा रक्त येऊ लागलं तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.