नोकरी आणि घर सांभाळून विणकामाला रोज वेळ कसा मिळतो? मी तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा अर्धवट राहिलं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: वेळ कसा काढायचा, सुरू केलेलं अर्धवट का राहतं, आणि आपल्याकडे थंडीच इतकी कमी, तर विणून करायचं काय. मी २६ वर्षं विणते आहे, त्यातली १९ नोकरी करून. माझ्या हाताला जे कळलं ते सांगते.

सलग वेळ मला आजही मिळत नाही. मिळतात ते तुकडे. भात होईपर्यंतचा, दवाखान्यात नंबर येईपर्यंतचा, मुलगा लहान होता तेव्हा त्याचा क्लास सुटेपर्यंतचा, आणि लोकलमध्ये डोंबिवलीला बसायला जागा मिळाली तर कुर्ल्यापर्यंतचा. एखाद्या तुकड्यात चार ओळी होतात, एखाद्यात अर्धीच. माझी बहुतेक सगळी कामं अशीच झाली आहेत.

म्हणून मला वाटतं, तुमचं तीनदा अर्धवट राहिलं त्याचं कारण वेळ नसावं. काम मध्येच ठेवलं, चार-आठ दिवसांनी हातात घेतलं आणि आपण कुठवर आलो होतो ते कळेना, असं झालं का? आता सुलट ओळ की उलट, उजव्या हातात कुठली सुई, टाके ६० होते की ६२? मग अंदाजाने चार ओळी विणायच्या, नक्षी बिघडायची, उसवायला जीव होत नाही आणि पिशवी कपाटात जाते. माझं पहिल्या दोन वर्षांत हेच होत होतं. मी प्रत्येक ओळ वहीत लिहायची, पण वही एकीकडे नि विणकाम दुसरीकडे.

हे सोडवलं माझ्या आत्यानं. ती सांगलीला असायची. मे महिन्यात गेले की माझ्या हातातलं काम घ्यायची, सुया फिरवून ठेवायची आणि विचारायची, "बाळ, आता पुढची ओळ कुठली?" मी वही शोधायला लागले की म्हणायची, "वही राहू दे. विणीकडं बघ, तिथंच लिहिलंय." तेव्हा मला रडू यायचं. पण त्या एका सुट्टीत तिनं मला वीण वाचायला शिकवलं. तुम्हीही आधी तेच शिका. नक्षीकामाच्या, स्वेटरच्या आधी.

सगळं विणकाम दोनच टाक्यांवर उभं आहे, सुलट आणि उलट. सुलट टाका नीट पाहिलात तर दोन तिरपे पाय खाली एका टोकाला जुळलेले दिसतात, गव्हाच्या लोंबीत दाणे बसतात तसे एकावर एक. उलट टाक्याच्या गळ्याशी आडवा मणी असतो. हे दोन वेगळे टाके नाहीतच. एका बाजूने सुलट दिसतो तोच टाका मागून उलट दिसतो. हे डोळ्यांत बसलं की एक सुलट-एक उलट असा काठ विणताना मोजावं लागत नाही. सुईवरच्या टाक्याखाली मणी दिसला की उलट, लोंबी दिसली की सुलट.

दुसरं, ओळीच्या मध्येच काम ठेवलं असेल तर धाग्याकडे बघा. गुंड्याकडे जाणारा धागा ज्या टाक्यातून निघतो, तो टाका तुम्ही सगळ्यात शेवटी विणलेला आहे. तो ज्या सुईवर आहे ती सुई उजव्या हातात. एवढी एक गोष्ट मला माहीत नव्हती, म्हणून माझ्या पहिल्या मफलरला एका बाजूला दोन ओळी जास्त आणि मधोमध भोक पडलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं लोकरच खराब आहे.

तिसरं, सुटलेला टाका. टाका सुईवरून सुटला की तो खाली खाली उतरत जातो आणि शिडी पडते. घाबरून उसवायचं नाही. क्रोशाची, म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई घ्यायची, सुलट बाजूने त्या सुटलेल्या टाक्यात घालायची, शिडीची सगळ्यात खालची पायरी त्यातून ओढून घ्यायची, मग तिच्या वरची, असं करत वर यायचं. पाच मिनिटांचं काम आहे. हे हाताला आलं त्या दिवशी माझी भीती गेली, आणि गाडीत विणायला बसायचं धैर्य आलं. जातायेता हा टाका उचलायला मी शेजारच्या कितीतरी जणींना शिकवला आहे. लेडीज डब्यात एक बाई विणायला लागली की दुसरी हात लावून बघतेच.

आता काय विणायचं. स्वेटरने सुरुवात करू नका, कितीही मोह झाला तरी. जाड सुती धागा घ्या, ८ नंबरच्या (४ मिलिमीटर जाडीच्या) सुया घ्या, ४० टाके घाला आणि दोन्ही बाजूंनी फक्त सुलट विणत राहा. अशा विणीत आडव्या कडा उठतात आणि दोन ओळींची एक कड होते. जितके टाके तितक्या कडा झाल्या की तुकडा साधारण चौकोनी होतो. म्हणजे ८० ओळी. रोज १० ओळी जमल्या तर आठ दिवसांत हात पुसायचा एक रुमाल तयार, साधारण वीतभर लांबी-रुंदीचा. तो ओट्यापाशी लटकवा आणि रोज वापरा. पहिलं काम ट्रंकेत गेलं तर दुसरं होत नाही, असं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

मग दुसऱ्या रुमालाला एक ओळ सुलट, एक ओळ उलट करून बघा. त्या रुमालाच्या बाजू आत वळतील. तुमचं चुकलेलं नाही, त्या विणीचा तो स्वभावच आहे, म्हणून तर स्वेटरच्या खाली आणि बाह्यांना एक सुलट-एक उलट असा काठ घालतात. काठ ताणला जातो आणि परत जागेवर येतो.

क्रोशाबद्दल विचारलं नाहीत, पण गर्दीत उभ्याने प्रवास असेल तर मी क्रोशाच सांगेन. सुई एकच, आखूड, आणि कुठल्याही क्षणी जिवंत टाका फक्त एक. त्या एका टाक्यात सेफ्टी पिन अडकवली की काम महिनाभर पिशवीत राहिलं तरी उसवत नाही. साखळी, मुका खांब, खांब हे क्रोशाचे मूळ टाके एवढे आले की रुमाल, तोरण, पिशवी सगळं होतं. धागा मात्र सुयांच्या विणीपेक्षा जास्त लागतो. आणि चौकोन विणताना तो हळूहळू निमुळता होत असेल, तर बहुधा ओळीचा शेवटचा खांब सुटतोय. दर ओळीला खांब मोजा.

थंडीचं म्हणाल तर मुंबईत खरंच नाही. पण निफाडला, नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो, तिथे कुणीतरी आपलं असतंच. आणि सुती धागा असताना लोकरीवरच का अडायचं? आमच्या आईच्या पिढीत रुखवतात क्रोशाचे रुमाल, ताटावरची झाकणं, दाराची तोरणं मांडलेली असायची. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून वेदीवरच्या कापडाला क्रोशाची लेस आजही दिसते. दमट हवेत लोकर चालत नाही म्हणून हात थांबले नव्हते.

हात बसला की आणखी एक काम बघा. नीटेड नॉकर्स इंडिया नावाच्या गटातल्या बायका, कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी मऊ सुती धाग्याचे कृत्रिम स्तन विणतात आणि मोफत देतात. वजनाला हलके, घामाच्या दिवसांत सोसवतील असे. माझ्या नात्यात एकीला ते मिळाले. तिनं ब्लाउजमध्ये घालून आरशात पाहिलं तेव्हा मी शेजारी होते. विणकाम म्हणजे फावल्या वेळेचा छंद, असं कुणी म्हणालं की मला तो दिवस आठवतो.

बाळासाठी विणणार असाल तर दोन गोष्टी पाळा. जाळीची भोकं बारीक ठेवा, बाळाची बोटं त्यात अडकतात. आणि केसाळ लोकर घेऊ नका, ती तोंडात जाते. बाळंतविड्यात द्यायला टोपरं आणि पायमोजे सगळ्यात लवकर होतात. लोकरही थोडीच लागते.

सामानावर फार खर्च नको. सुयांचा नंबर आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचा असतो, म्हणजे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन. इंटरनेटवरच्या अमेरिकी कृतीत नंबर उलटे चालतात, म्हणून मिलिमीटरच बघा. पुण्यात तुळशीबाग-बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर-क्रॉफर्ड मार्केट या भागांत सगळं मिळतं. दुकानात "लोकर" म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. धुवायला सोपं, कसर लागत नाही, पण त्यावर गरम इस्त्री कधीच फिरवू नका. वीण कायमची लोळागोळा होते. मोठं काम असेल तर सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवून घ्या. दोन लॉटच्या रंगांतला फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही. मी एका राखाडी स्वेटरची डावी बाही अशी घालवली आहे.

उसवायला वाईट वाटतं, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाचा निळा स्वेटर मी तीनदा उसवून विणला. तो दोन वर्षांचा असताना, मग पाच, मग आठ. प्रत्येक वेळी थोडी नवी लोकर, काठाला दुसरा रंग. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लच्छी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून खाली थोडं वजन लावून सावलीत टांगायची. वाळली की बरीच सरळ होते. आज त्याच लोकरीचा चौकोन आमच्या पायपांघरुणात आहे, आणि मुलगा बावीस वर्षांचा झाला तरी तो बरोबर ओळखतो.

तर तुमची ती तिसरी, अर्धवट राहिलेली पिशवी आज काढा. लगेच उसवू नका. उजेडात धरा, धागा कुठल्या टाक्यातून निघतोय ते बघा, समोरची बाजू लोंबीची आहे की मण्यांची ते बघा, खालून वर ओळी मोजा. पुढची ओळ कुठली ते कागद न बघता सांगता आलं तर तिथूनच पुढे विणा. नाही आलं तर फोटो काढून इथे टाका. दोन्ही बाजूंचा, आणि सुया जशा आहेत तशाच ठेवून. मी बघून सांगते.