'बोस सांख्यिकी'मधे आकडेवारी कुठंय?

प्रश्न असा आहे की सत्येंद्रनाथ बोस यांच्या परिचयात 'सांख्यिकीय यामिकी आणि पुंज सिद्धांतात संशोधन' (म्हणजे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि क्वांटम थिअरी) असं लिहिलेलं असतं, पुढे 'बोस सांख्यिकी' पण येते, तर भौतिकशास्त्रातला हा माणूस कसली आकडेवारी गोळा करत होता? आणि सांख्यिकीऐवजी संख्याशास्त्र म्हटलं तर चालेल का?

आकडेवारी कसलीच नाही. इथे सांख्यिकी म्हणजे मोजायची रीत.

समजा दोन कण आहेत आणि दोन कप्पे. कणांना अ आणि ब अशी नावं दिली तर चार मांडण्या होतात, दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे, अ डावीकडे नि ब उजवीकडे, आणि त्याच्या उलट. पण कण इतके एकसारखे असतील की अ कुठला नि ब कुठला हे विचारण्यातच अर्थ नाही, तर शेवटच्या दोन मांडण्या एकच धरायच्या, म्हणजे उरल्या तीन. आता गंमत बघा, दोघं एकाच कप्प्यात सापडायची शक्यता आधी 4 पैकी 2 होती ती 3 पैकी 2 झाली, म्हणजे कोणी कोणाला ओढलं नाही, ढकललं नाही, नुसती मोजायची पद्धत बदलली आणि कण जास्त घोळक्याने राहायला लागले! (एका कप्प्यात एकच कण अशी अट घातली की एकच मांडणी उरते, ती फर्मी-डिरॅक सांख्यिकी.)

बोसांनी 1924 मधे ढाक्याहून आइन्स्टाइनना जो छोटासा पेपर पाठवला त्यात प्रकाशकण असे मोजले आणि प्लांकचं 1900 सालचं सूत्र (तापलेल्या वस्तूतून कुठल्या रंगाचा प्रकाश किती निघतो ते सांगणारं) जुन्या विद्युतचुंबकीय सिद्धांताकडून काही उसनं न घेता मिळवून दाखवलं. आइन्स्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापायला दिला, मग हीच रीत वायूच्या अणूंना लावली, आणि त्यातून निघालेलं भाकीत, की पुरेसं थंड केलं तर अणू मोठ्या संख्येने एकाच अवस्थेत गोळा होतील, ते वायूत प्रत्यक्ष दिसायला 1995 उजाडलं.

तरी नावात सांख्यिकी आली कशी, तर त्याला कारण आहे. वायूतल्या प्रत्येक रेणूचा माग काढणं अशक्य, म्हणून मॅक्सवेलनी कुठल्या वेगाचे रेणू साधारण किती एवढंच बघायचं ठरवलं आणि 1873 च्या एका भाषणात आपल्या पद्धतीची तुलना लोकसंख्येची आकडेवारी करणाऱ्यांच्या पद्धतीशीच केली. पुढे गिब्जच्या 1902 च्या पुस्तकाने 'स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स' हे नाव पक्कं झालं. म्हणजे विषयाच्या नावात सांख्यिकी बरोबर बसते, बोसांच्या नावापुढे मात्र ती दिशाभूल करते. संख्याशास्त्र तर तिथे अजिबात नको, तो अख्खा विषय आहे, 'बोस संख्याशास्त्र' म्हणजे बोसांनी वेगळी शाखा काढल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर सामान्य वाचकासाठी लिहिताना सरळ 'बोस यांची मोजणीची रीत' म्हणावं आणि कंसात रूढ शब्द द्यावा.

यामिकी राहू दे, 'यांत्रिकी' म्हटलं की मराठी माणसाला यंत्रं आणि वर्कशॉप दिसतं. पुंज बद्दल मी जरा साशंक आहे. पुंज म्हणजे रास, समूह, त्याचाच पुंजका. क्वांटमचं मूळ लॅटिनमधे 'किती' असं आहे आणि भौतिकीत तो ऊर्जेचा सुटा, ठरावीक हिस्सा. रास आणि सुटा हिस्सा या जवळजवळ उलट गोष्टी झाल्या, त्यामुळे बोलताना क्वांटमच बरा, पण परिभाषेत पुंज इतका रुळलाय की आता हलवण्यात अर्थ नाही.

बाकी बोसांनी खरंखुरं संख्याशास्त्रही केलंय हं. 1936-37 मधे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या 'डी-स्क्वेअर' या (दोन गटांमधलं अंतर मोजणाऱ्या) मापावर त्यांचे पेपर आहेत, आणि ते ज्या नियतकालिकात छापले त्याचं नाव 'संख्या'. पण त्या कामाला कोणी बोस सांख्यिकी म्हणत नाही.