सत्कार, सन्मान की गौरव? एका ठरावाचे मराठी

अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळाने एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेबद्दल केलेल्या ठरावाची बातमी एका वाचकाला मराठीत द्यायची आहे. त्यांचे वाक्य असे: 'राज्याच्या विधानसभेने रंगीत लोकांच्या प्रगतीसाठीच्या राष्ट्रीय संघटनेला सत्कारित केले.' 'सत्कारित' कानाला खटकते, तर 'सन्मानित' लिहावे की 'अभिनंदन केले' म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

खटकते ते बरोबरच. सत्कार करतात, होतो, स्वीकारतात. 'सत्कारित' काही मराठीत रुळलेले नाही. पण 'सत्कार केला' असे लिहूनही भागणार नाही, कारण सत्काराला सत्कारमूर्ती लागते. जुलै २०२४ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा मुंबईच्या विधान भवनात, मध्यवर्ती सभागृहात झाला तो सत्कार. ठरावाचे तसे नाही. तो मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते, तो मताला टाकला जातो. ज्याच्याबद्दल ठराव आहे तो समोर असायलाच हवा असे नाही.

'सन्मानित' म्हटले की वाचक लगेच 'कशाने?' असे विचारतो. पुरस्काराने, पदवीने, पदकाने. तसे काही दिलेले नसेल तर तो शब्द नको. 'अभिनंदन' ताज्या यशाचे असते. शंभरहून अधिक वर्षे चाललेल्या कामाबद्दल सभागृह आदर व्यक्त करते तेव्हा मराठीत 'गौरव'च शोभतो, आणि तोही षष्ठी घेऊन: 'कार्याचा गौरव करणारा ठराव'. सुटसुटीत हवे असेल तर 'गौरवपर ठराव'.

'विधानसभा' मात्र तपासून घ्या. नेब्रास्का सोडले तर अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात दोन सभागृहे आहेत. दोघांनी मिळून ठराव केला असेल तर 'विधिमंडळ' म्हणा. एकाच सभागृहाचा असेल तर त्याचे नाव घ्या; उगाच आपल्या विधानसभेचा साचा तिथे बसवू नका.

आता 'रंगीत लोक'. आपल्याकडे रंगीत असतात ती चित्रे आणि काचा. संघटनेच्या नावातला 'कलर्ड' हा इंग्रजी शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, त्या काळी सभ्य मानला जाणारा. इतिहासाची खूण म्हणून संघटनेने तो नावात ठेवला, पण आज तिकडे माणसांना उद्देशून कोणी तो सहसा वापरत नाही. त्याचे शब्दशः भाषांतर केले तर अर्थही जातो आणि मानही. 'एनएएसीपी' हेच नाव ठेवून पुढे 'कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी १९०९ पासून लढणारी संघटना' एवढे जोडले की पुरे. मराठी वाचकाला ही मंडळी परकी नाहीत. संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. 'नागरी हक्क' हा शब्दही आपल्या कायद्यात आहेच: नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. तेव्हा 'नागरी अधिकार' असे वेगळे काही घडवू नये. 'मानवी हक्क' तर नकोच, त्याची व्याप्ती निराळी.

माझा खरा आग्रह 'ठराव' या शब्दासाठी आहे. अशा बातम्यांत 'विधेयक मंजूर' किंवा 'कायदा केला' असे सर्रास छापले जाते, आणि इथे ती चूक फार महागात पडते. कारण याच संघटनेविरुद्ध अमेरिकेतल्या विधिमंडळांनी खरोखर कायदे केले होते. साउथ कॅरोलायनाने १९५६ मध्ये सरकारी नोकरांना तिचे सभासद होण्यास बंदी घातली. चार्ल्सटनमधल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी सभासदत्व सोडायला नकार दिला आणि कित्येक वर्षांची नोकरी गमावली. त्याच वर्षी अलाबामाने न्यायालयात जाऊन संघटनेचे राज्यातले काम बंद पाडले आणि सभासदांच्या याद्या मागितल्या. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याद्या देण्याची गरज नाही असा निकाल दिला, तरी तिथले काम पुन्हा सुरू व्हायला १९६४ उजाडले. कायद्याने माणसाची नोकरी जाते. ठरावाने सभागृहाचे मत नोंदले जाते. संघटनेच्या शताब्दीला, २००९ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने गौरव केला तोही ठरावानेच. त्याला राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही आणि तो कायदाही होत नाही.

हा फरक महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी खर्चाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून आपलाही ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. आजही आपण 'बोले ठराव' म्हणतो, 'बोले कायदा' म्हणत नाही, आणि ते अगदी नेमके आहे.

तेव्हा वाक्य असे करा: '… राज्याच्या विधिमंडळाने एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या कार्याचा गौरव करणारा ठराव संमत केला.' 'मंजूर' चूक नाही, पण ते निधी आणि रजा यांच्याशी अधिक जुळते. 'एकमताने' हा शब्द मात्र सवयीने घालू नका. अमेरिकेतही असे ठराव पुष्कळदा आवाजी मतदानाने होतात, आणि आवाजी मतदानात नकाराचा आवाजही असू शकतो. मूळ बातमीत सर्वांनी बाजूने मत दिल्याचे स्पष्ट लिहिले असेल तरच 'एकमताने' लिहा.