पाण्यावर जाताना : वाचकांचे प्रश्न

नवऱ्याने अठरा फुटी जुनी बास बोट (बास मासे धरायची होडी) घेतली आहे. जूनमध्ये साताऱ्याहून सासूबाई येतील, मुलगी दहा वर्षांची आहे. सगळ्यांना घेऊन लेक लॅव्हॉनवर जायचा बेत आहे. सासूबाईंना पोहता येत नाही आणि त्या लाइफ जॅकेट घालतील असं वाटत नाही. नियम काय आहे? तुम्ही काय कराल?
– एक वाचक, प्लेनो, टेक्सस

ताई, कायदा आधी सांगते, तो लवकर संपतो. टेक्ससमध्ये २६ फुटांपेक्षा लहान होडी पाण्यात चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांच्या अंगात जॅकेट असलंच पाहिजे. इंजिन बंद करून होडी नुसती वाऱ्यावर वाहत असली तरी ती 'चालू'च धरतात. नांगर टाकला किंवा धक्क्याला बांधली की मगच सूट. मोठ्यांसाठी माणशी एक जॅकेट, मापाचं आणि हाताशी. तुमची होडी १६ फुटांवरची, म्हणून पडलेल्याकडे फेकायला एक तरंगती गादी किंवा रिंगही हवी. अग्निशामक डब्यावर उत्पादनाचं साल असतं, ते वाचा. एकदाच वापरायचा डबा १२ वर्षांनंतर बाद होतो, आणि जुन्या होडीबरोबर बहुतेक वेळा डबाही जुनाच येतो.

सासूबाईंना कायद्याने सूट दिली आहे. मी देणार नाही. अमेरिकी कोस्ट गार्डच्या २०२३ च्या अहवालात होडीच्या अपघातांत ५६४ माणसं गेल्याची नोंद आहे. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांतले तीन चतुर्थांश बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट अशा वेळी कामाला येत नाही.

माझी आई रेवदंड्याहून आली तेव्हा तिनेही नको म्हटलं होतं. "आयुष्य खाडीत गेलं, आता हे कशाला?" मी वाद घातला नाही. आदल्या दिवशी घरीच जॅकेट घालून तिला चहा प्यायला बसवलं, पट्टे तिच्या मापाने बसवले. नवेपणा घरात संपला, मग तळ्यावर काही बोलावं लागलं नाही. सासूबाईंना साडीऐवजी सलवार-कुर्ता घालायला सांगा. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि पदरावरून जॅकेटचा पट्टा नीट आवळत नाही. दोघींनाही फोमचंच जॅकेट घ्या. फुगणारं जॅकेट १६ वर्षांखालच्यांसाठी नसतंच, आणि पोहता न येणाऱ्याच्या अंगात मला ते बघवत नाही. मुलीचं जॅकेट खांद्यांना धरून वर उचलून बघा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, बदलून आणा.

आता नवऱ्याला सांगायची गोष्ट. चालकाच्या जागेजवळ एक लाल, पिळाची दोरी असेल. तिचं एक टोक इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचला आणि दुसरं चालकाच्या जॅकेटला अडकवायचं. चालक फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. ती नसली तर काय होतं ते ऐका. सुकाणूवरचा हात सुटला की पंख्याच्या जोराने चाक आपोआप एका बाजूला वळतं आणि होडी भरवेगात गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. टेक्ससमध्ये २०१२ साली एक १६ वर्षांची मुलगी होडीच्या अपघातात गेली. तिच्या नावाने इथे ही दोरी अडकवायची सक्ती करणारा कायदा झाला आणि तो १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. पुढे १ एप्रिल २०२१ पासून असाच नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही आणला. पहिल्याच दिवशी धक्क्याजवळ ती दोरी मुद्दाम ओढून बघा. इंजिन बंद पडलं नाही तर त्या दिवशी सफर रद्द.

आणि रॅम्पवर उतरण्याआधी ड्रेन प्लग, म्हणजे होडीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच. तो मुलीने लावायचा आणि मोठ्याने "लावला" म्हणायचं. आमच्याकडे भाचा म्हणतो.

फेब्रुवारीत मोठे बास लागतात म्हणून लेक फोर्कला जाणार आहे. फुगणारं जॅकेट घेतलं आहे. तेवढं पुरे ना?
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

नाही, दादा. मी स्वतः तिथे पडले आहे म्हणून सांगते.

लेक फोर्कमध्ये पाण्याखाली जुनं जंगल उभं आहे. धरण बांधताना झाडं तशीच राहू दिली, आणि बास त्या लाकडाच्या आडोशाला बसतात. मी पुढच्या डेकवर उभी होते, एक पाय ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे होडी हळू सरकवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरच्या, पेडलवर. लाकडात अडकलेली जिग (वजन लावलेला गळ) सोडवायला वाकले आणि त्याच क्षणी होडी बुडलेल्या बुंध्याला टेकली. पाणी ४८ अंश फॅरनहाइट होतं. डोकं वर आलं तेव्हा मला श्वास सोडता येत नव्हता, नुसता आत ओढला जात होता. जॅकेट फुगलं नाही. दोरी ओढली तरी नाही. गॅसचं सिलिंडर आट्यातून ढिलं झालं होतं आणि मी दोन हिवाळे ते तपासलं नव्हतं. छातीजवळच्या नळीत तोंडाने फुंकून ते भरायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण नळीचं टोपण बोटांना निघेना. माझ्या दिरांनी मागून गादी फेकली. तिला कवटाळून मी होडीच्या मागे आले आणि बंद इंजिनाच्या पंख्यावरच्या सपाट पट्टीवर पाय देऊन वर चढले. सगळं मिळून चार-पाच मिनिटं असतील.

थंड पाण्याचा हिशोब कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी सोपा करून ठेवला आहे : एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, त्यात पोहायचा प्रयत्न करायचा नाही. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जायच्या कितीतरी आधी बोटं निकामी झाल्यामुळे किंवा पहिल्याच मिनिटात पाणी ओढल्यामुळे बुडतो. तरंगत ठेवणारं काही अंगात असेल तरच तो तास तुम्हाला मिळतो.

तेव्हा दर महिन्याला सिलिंडर हाताने घट्ट आवळा, खुणेची पट्टी हिरवी आहे का बघा, आणि वर्षातून एकदा नळीने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर ते फेकून द्या. फेब्रुवारीत मी आता फोमचंच घालते. गळ टाकताना काखेत थोडं अडतं, पण त्याची सवय होते. एकटे जाऊ नका, आणि मागे शिडी बसवून घ्या.

बास म्हणजे आपला जिताडाच का? माझे मामा पेणहून विचारतात.
– एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सस

मामांचा घोटाळा इंग्रजी नावामुळे झाला आहे. जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी बास म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं. इथला लार्जमाउथ बास हा सनफिश कुळातला, जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा. जिताडा खाडीतला. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात जातो. बासमध्ये असं काही नाही.

स्वभाव मात्र भावाभावांसारखा. दोघेही आडोशाला दबा धरतात आणि जबडा उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतात. वडिलांबरोबर रात्री गरवायला जायचे तेव्हा बत्तीच्या उजेडात जिताड्याचा डोळा निखाऱ्यासारखा चमकायचा. इथल्या बासचा डोळा काळा असतो. पहिल्या वर्षी मला त्याचीच चुकचुक लागायची.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला लाइव्ह सोनार (पाण्याखालचे मासे त्याच क्षणी पडद्यावर दाखवणारं यंत्र) हवा आहे. स्पर्धांमध्ये त्यावर बंदी आली असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, ऑस्टिन, टेक्सस

सरसकट बंदी नाही, मर्यादा आल्या. बी.ए.एस.एस. या मोठ्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून वरच्या स्पर्धांत होडीवर एकच लाइव्ह ट्रान्सड्यूसर (सोनारचा पाण्यातला भाग) आणि सगळे पडदे मिळून ५५ इंच असं ठरवलं. मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेने त्याच वर्षी आपल्या बास प्रो टूर स्पर्धांत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकातच तो वापरू दिला. मला हे बरोबर वाटलं. पडद्यावर मासा आमिषाकडे वळताना दिसतो, मग वारा कुठला, शेवाळ कुठे, हे कोणी बघतच नाही. मुलाला दोन हंगाम डोळ्यांनी पाणी वाचू द्या. त्या पैशात आधी होडी चालवण्याचा अभ्यासक्रम होऊ दे. १ सप्टेंबर १९९३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना १५ अश्वशक्तीच्या वरची होडी स्वतः चालवायची तर तो लागतोच.

मार्चमध्ये काठाजवळ घरट्यावर बसलेले मोठे बास दिसतात. धरावेत का?
– एक वाचक, टायलर, टेक्सस

कायद्याने चालतं. मी धरत नाही. नर शेपटीने तळ झाडून परातीएवढं घरटं करतो आणि अंडी फुटून पिल्लं पांगेपर्यंत राखण करतो. तुम्ही त्याला दोन मिनिटं फोटोसाठी वर धरलंत की आजूबाजूचे ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. मी हे काठावर उभी राहून पाहिलं आहे. तो परत आला तेव्हा घरटं स्वच्छ होतं.

चुकून लागलाच तर ओल्या हातांनी, आडवा, पोटाखाली आधार देऊन धरा आणि जिथे धरला तिथेच सोडा. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास सोडावाच लागतो. १३ पौंडांचा किंवा वरचा लागला तर मात्र लाइव्हवेल (मासा जिवंत ठेवायची होडीतली टाकी) भरा आणि मोठ्या बासची पैदास करणाऱ्या टेक्ससच्या शेअरलंकर योजनेला फोन करा. १ जानेवारी ते ३१ मार्चमध्ये ते मासा टेक्ससमधल्याच अथेन्स गावच्या केंद्रात अंड्यांसाठी नेतात. १९८६ साली योजनेत आलेली पहिली मादी लेक फोर्कचीच, १७.६७ पौंडांची. तिचं नाव एथेल ठेवलं होतं.

सगळ्यात मोठा बास किती?
– एक छोटा वाचक, डॅलस, टेक्सस

बाळा, २२ पौंड ४ औंस. २ जून १९३२ ला जॉर्जियात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने धरला आणि घरच्यांनी तो खाल्ला. २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा तळ्यात मनाबु कुरिता यांनी त्याहून औंसभर जड धरला. पण एवढ्या माशाचा विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून नोंदीत दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.