वाचकांचे प्रश्न : बोअरचं ऊन पाणी

प्रश्न : आमच्या मळ्यातल्या ६०० फूट बोअरला थंडीत पहाटे वाफाळतं पाणी येतं. इथला काळा दगड ज्वालामुखीचा, असं म्हणतात. मग खाली अजून काही धुमसतंय का?
— एक शेतकरी, निपाणी

उत्तर : नाही. निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो केव्हाच निवला. तुमच्या पाण्याला ऊब आहे ती खोलीची. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात. ६०० फूट म्हणजे १८३ मीटर, म्हणजे जेमतेम पाच अंश. वर्षाची सरासरी हवा २५ धरली तर पाणी ३० च्या आसपास. पहाटे हवा १४ वर असली की तेच ऊन लागतं आणि वाफही दिसते.

खात्री करायची तर मोटर वीस मिनिटं चालवा, पाइपातलं पाणी जाऊ द्या आणि बोअरच्या तोंडाशी वाहत्या धारेत थर्मामीटर धरा. तापाचा चालणार नाही, तो ३५ च्या खाली वाचतच नाही. ३५ च्या वर आकडा आला तर आधी मोटर बघा. धार तुटत असेल तर मोटरवरून पुरेसं पाणी वाहत नाही. मग ती तापते आणि पाण्यालाही तापवते.

पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवरून (वाळूतलं मुख्य द्रव्य) खालचं तापमान काढायचं सूत्र आहे, पण इथे ते फसवतं. लिटरला ५० मिलिग्रॅम सिलिका घातली की उत्तर १०२ अंश येतं! काळा दगड झिजताना थंड पाण्यातही सिलिका उतरते, हे सूत्राला कळत नाही.

जिवंत ज्वालामुखीखाली मात्र पाणी २००-३०० अंशांवर जाऊनही उकळत नाही, कारण वरच्या पाण्याचा दाब. एक किलोमीटर खोलीवर तो १०० बारच्या घरात (हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट), म्हणजे उकळबिंदू ३१० अंशांच्या आसपास. दाब एकदम उतरला की त्याच पाण्याची क्षणात वाफ होते. जपानच्या ओंताके ज्वालामुखीवर २०१४ मध्ये ताजा शिलारस वर न येताच वाफेचा स्फोट झाला. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. आइसलंडच्या क्राफ्ला ज्वालामुखीत २००९ मध्ये तर २.१ किलोमीटरवर ड्रिल थेट शिलारसात घुसलं.

प्रश्न : मग राजापूरचं उन्हाळं, म्हणजे तिथला गरम पाण्याचा झरा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तिथेही शिलारस नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि निवायच्या आत दुसऱ्या भेगेतून वर येतं. देशात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.