पिल्लाला तीन दिवस जुलाब होतायत, घरचे म्हणतात दूध-पोळीच द्या. काय करू?

दीड महिन्याचं लॅब्राडॉर, घरी येऊन तीन दिवस, शी पातळ, आणि घरचे म्हणतायत दूध तोडलं तर पिल्लू जगायचं नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे आप्पाच डोळ्यांसमोर आले. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

दूध बंद करा. आजच. पाणी घालून नाही, साय काढून नाही, बंद म्हणजे बंद.

माझं सासर कोल्हापूरजवळचं. दारात म्हशी, आलेल्याच्या हातात आधी दुधाचा पेला, चहाचं नंतर बघू. अशा घरात मी कुत्र्याच्या पिल्लाला दूध नको म्हणाले. आप्पा मला काही बोलले नाहीत. सासूबाईंना बोलले, पण मला ऐकू येईल असं: "आमच्या दुधात खोट हाय म्हणं आता." दुसऱ्या दिवशी वाटीत परत दूध-चपाती. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि मागचं अंग कायम बरबटलेलं.

अहो, खोट दुधात नाहीच. कुत्रीच्या दुधापेक्षा गाई-म्हशीच्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जास्त असतं, आणि ते पचवायची ताकद अंगावरचं तुटत जाईल तशी पिल्लात कमी होते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, मग जुलाब. यात म्हशीचा काय अपमान?

"गावातली सगळी कुत्री दूध-भाकरीवरच वाढली की," हा आप्पांचा हुकमी एक्का. गल्लीतल्या कुत्रीला सहा-सात पिल्लं होतात, पावसाळा सरेपर्यंत त्यातली किती दिसतात ते बघा म्हणावं. जगलेलं दारात बसतं म्हणून दिसतं. मेलेली कोण मोजतंय?

शेवटी मी बामच्या धुतलेल्या डबीत शी घेतली आणि डॉक्टर गाठले. त्यांनी मलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं, गोल, जाड सालीची अंडी, एकाशेजारी एक. जंत. औषध दिल्यावर सकाळी शेवयांसारखे लांब पांढरे जंत पडले, त्यातले काही वळवळत होते. दूध थांबलं, मऊ भात आणि नुसतं उकडलेलं चिकन (हाडं, मीठ, हळद, कांदा काही नाही) थोडं थोडं करून दिवसातून चार-पाचदा, आणि पिल्लू सुधारलं. श्रेय मात्र गेलं जायफळाला! आप्पांनी आदल्या रात्री गुपचूप उगाळून चाटवलं होतं ना. आजही घरात चार माणसं जमली की ही कथा निघतेच. जायफळ कुत्र्याला बाधतं, चाटण एवढंसं होतं म्हणून निभावलं, हे माझं वाक्य कोणी ऐकत नाही.

तर तुमचं. जंताचं औषध कधी आणि कुठलं दिलंय, हे ज्याच्याकडून आणलं त्याला विचारा. ते दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं. गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे "आमचं घर स्वच्छ आहे" याला काही अर्थ नाही. तिथं काय खात होतं तेही विचारा, आणि पोट सावरलं की नवीन खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळत आणा. जाता जाता त्याला हेही विचारा की दीड महिन्याचं पिल्लू विकलंच कसं. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दहीभाताची घाई नको. आणि माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या अजिबात नाही. उपाशीही ठेवू नका, एवढ्याशा जिवाची रक्तातली साखर पटकन उतरते.

हे सगळं पिल्लू खेळतंय, पाणी पितंय असं धरून लिहिलं. उलट्या, शीमधून रक्त, घाण उग्र वास, मलूल पडणं, हिरड्या पांढऱ्या किंवा चिकट, यातलं एकही असेल तर माझं उत्तर सोडा आणि आत्ता निघा. पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) असू शकतो, त्यात मुख्य भरवसा सलाईन आणि देखभालीवरच असतो आणि उशीर परवडत नाही. तसंही या वयात तीन दिवस म्हणजे खूप झाले, उद्या सकाळी दाखवाच. लसी पूर्ण झालेल्या नाहीत, तेव्हा दवाखान्यात खाली सोडू नका, मांडीवर धरा.

आणि घरच्यांशी हुज्जत घालू नका, हरता. डॉक्टरांकडून कागदावर "दूध बंद" लिहून घ्या. आमच्याकडं कागद आल्यावरच वाटी उचलली गेली. तरी पुढच्या खेपेला आप्पा हट्टानं सोबत आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, तुमच्याकडं दूध कुठनं येतंय?"